दोन भिंतींमधला माणूस

१

भिंत कोसळली तेव्हा यंत्रावरचा ड्रायव्हर खिशात काडेपेटी चाचपत होता, त्यामुळे आत काय आहे ते त्याला दिसलंच नाही. दिसलं ते खाली उभ्या असलेल्या मुकादमाला. त्याने हात वर करून यंत्र थांबवायची खूण केली आणि हात तसेच वर धरून तो मागे मागे सरत गेला, समोरून कोणी बंदूक रोखल्यासारखा.

तिथे पूर्वी जमिनीखालची खाण होती. ती बंद पडूनही बरीच वर्षं लोटली होती. आता कंपनीने वरची सगळी जमीन सोलून काढायला घेतली होती आणि उरलेला कोळसा उघड्यावरून उपसणं चाललं होतं. खड्ड्याच्या कडेला जुने बोगदे बिळांसारखे उघडे पडत. असाच एक बोगदा विटांच्या भिंतीने बुजवलेला निघाला. यंत्राचं फावडं लागताच भिंतीची डावी बाजू खाली आली. मागे खाटेएवढी मोकळी जागा होती आणि तिच्या पलीकडे आणखी एक भिंत, वाळूच्या पोत्यांची. या दोन भिंतींच्या मध्ये एक माणूस उताणा पडलेला होता. माणूस म्हणजे आता नुसती हाडं. पण कपडे टिकले होते. अंगातल्या जाड कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. डोक्याखाली एक कोट नीट घडी करून ठेवलेला होता.

फौजदारबाई आल्या त्या धापा टाकतच. या धुळीच्या गावात त्यांची बदली होऊन वर्ष झालं होतं. ज्याच्या पोराला हात लावायचा नसतो अशाच्या पोराला त्यांनी आत टाकलं होतं, त्याचं हे बक्षीस. तोंडात लवंग धरल्याशिवाय त्यांना इथे श्वास पुरत नसे. त्या खड्ड्यात उतरल्या, नाकाला पदर लावला आणि हाडांपाशी वाकून बघू लागल्या.

बोलत होता तो कंपनीचा इंजिनियर. त्याच्या मते प्रकरण सरळ होतं. जुनी खाण, छताचा दगड निसटला, मागून कवटी फुटली, बिचारा गेला. खाणीत असं होतच असतं. बाईंनी मान वर केली. छत विटांच्या कमानीचं होतं आणि कमानीतली एकही वीट हललेली नव्हती. खाली जमिनीवर तर सुपारीएवढाही खडा नव्हता.

"मग डोक्यात पडलेला दगड उठून गेला कुठे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मग एकेक गोष्ट न्याहाळली. हाडांच्या हाताशी कुदळ होती. आतल्या भिंतीची वरची काही पोती ओढून अलीकडे टाकलेली होती, म्हणजे हा माणूस पोत्यांची भिंत पाडायला आला होता. पण त्याच्याजवळ दिवा नव्हता. डोक्याला नाही, कमरेला नाही, आसपास कुठेही नाही. या ठिकाणी कोणी दिव्याशिवाय येईल का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा इंजिनियर म्हणाला की आंधळासुद्धा येणार नाही.

त्याला त्या भिंतींचा इतिहास ठाऊक होता. खाणीच्या या भागात आग लागली होती. आत तीन कामगार होते. ते पहिल्याच स्फोटात जागच्या जागी गेले, असं तेव्हाच्या चौकशीत ठरलं. आगीला हवा मिळू नये म्हणून आधी पोती रचली आणि मग पक्की भिंत बांधली. चौथा माणूस हरवल्याची नोंद कुठेच नव्हती. हा कोण, ते त्यालाही कळेना.

बाईंनी उरलेली पोती काढायला सांगितली. इंजिनियरने वरिष्ठांची परवानगी लागेल असं म्हणून पाहिलं, पण बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मजुरांनी पोती उतरवली, शेवटची रांग काढली आणि सगळे मागे हटले.

आगीत जागच्या जागी मेलेले ते तिघेजण पोत्यांना पाठ टेकून बसलेले होते. एकाच्या मांडीवर लोखंडी पहार होती. तिचं टोक ठोकून ठोकून बोथट झालेलं होतं.

२

चौथ्याची ओळख पटायला वेळ लागला नाही. त्याच्या मांडीच्या हाडात पोलादी सळी होती. खाणीच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरने ती पाहिली आणि म्हणाला, "हा वकील."

वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. खाणीत छताला लाकडी टेकू लावायचं त्याचं काम. पण साहेब कितीही मोठा असो, हा त्याच्याशी हुज्जत घालायचा, कलमं काढायचा, म्हणून वस्तीने त्याचं नाव वकील पाडलं होतं. एकदा टेकू कमी पडले म्हणून छत बसलं आणि त्याची मांडी मोडली, सळी तेव्हाची. आगीच्या दिवशी खाणीच्या तोंडाशी उभं राहून त्याने मॅनेजरला सगळ्यांसमोर धारेवर धरलं होतं. आतले तिघं जिवंत आहेत, भिंत बांधू नका, म्हणत होता. आणि त्याच दिवशी तो गाव सोडून पळाला. संध्याकाळी त्याचा दिवा दिवाघरात आपल्या खुंटीवर लटकत होता, म्हणजे तो खाणीतून वर आला होता. त्याला बसमध्ये चढतानाही पाहिलं होतं. सोबत एक बाई होती. हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगत असे.

त्याची बायको त्या दिवसापासून भावाकडे राहत होती. लोकांचे कपडे शिवायची म्हणून वस्ती तिला शिवणवाली म्हणे. फौजदारबाई तिच्याकडे गेल्या तेव्हा घडी केलेला कोट पिशवीत घालून नेला. हाडांच्या अंगातला कोट काढायला गेलं तर सगळंच विस्कटलं असतं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत एका बाजूला शिवणयंत्र आणि लोकांचे फाटके-उसवलेले कपडे, दुसऱ्या बाजूला खाट आणि खाटेशी प्राणवायूची टाकी. खाटेवर तिचा थोरला भाऊ उशांना टेकून बसला होता. त्याला सगळे कॅप्टन म्हणत, कारण तो खाणीच्या बचाव पथकाचा प्रमुख होता. अनेकांना त्याने मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. भिंतीवर काचेच्या चौकटीत पदक होतं. आता कोळशाच्या धुळीने त्याची फुप्फुसं दगड झाली होती आणि नळी नाकाला लावल्याशिवाय त्याला चार वाक्यं धड बोलता येत नसत.

शिवणवालीने कोट हातात घेतला. बाही उलटी केली. कोपरावर ठिगळ होतं. त्याच्या कडेवरून तिने अंगठा फिरवला.

"हा टाका माझा आहे," ती म्हणाली. "तेव्हा यंत्र नव्हतं. हातानेच शिवायची, घरच्यांपुरतं. लोकांचं शिवायला लागले ती नंतर. पोट भरायचं होतं ना."

कोट कुठे सापडला ते बाईंनी सांगितलं. ती रडली नाही. कोट मांडीवर ठेवून एवढंच म्हणाली, "म्हणजे बसने गेलाच नव्हता तो."

तिची कहाणी बाईंनी तिच्याकडून कमी आणि शेजारणींकडून जास्त ऐकली. नवरा टाकून गेलेली बाई. लग्नाकार्यात तिला मागे बसवत. तिच्याकडे कपडे शिवायला टाकत, पण नव्या नवरीची चोळी टाकत नसत. नवऱ्याला धरून ठेवता आलं नाही हिला, असं तिला ऐकू जाईल इतपतच हळू बोलत. तिने सगळं गिळलं. भावाने आसरा दिला, त्याचं लग्न झालं नव्हतं, तर तिने त्याचं घर चालवलं, आणि आता त्याचं दुखणं काढत होती.

बाई तिच्याशी बोलत होत्या तोवर कॅप्टन डोळे मिटून पडला होता. बाईंना वाटलं झोपला. जाताना त्यांनी पाहिलं, त्याची बोटं चादरीला घट्ट धरून होती.

३

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने स्वतःहून जबाब दिला. भिंतीपाशी त्या दिवशी मोजकीच माणसं होती. गवंडी भिंत बांधत होता, पथकातले दोघे आणि कॅप्टन स्वतः पहारा देत होते, वकील वर भांडून हरल्यावर विटा वाहायच्या निमित्ताने खाली उतरला होता. भिंत छातीपर्यंत आली आणि गवंडी वायूने भोवळ येऊन पडला. कॅप्टनने त्याला पाठीवर घेतलं आणि खाणीच्या तोंडापर्यंत आणलं. पदक त्याचंच होतं. पुढची भिंत मागे राहिलेल्यांनी पुरी केली असणार. ते दोघेही आता हयात नाहीत. वकिलाचं काय झालं ते आपल्याला माहीत नाही. इतकं बोलून त्याला धाप लागली आणि बहिणीने टाकीची कळ थोडी सैल केली.

गवंडी अजून वस्तीतच होता. त्याला बाईंनी खड्ड्यात नेलं. उभी राहिलेली उजवी बाजू त्याने पाहिली आणि आधी त्याला खुनाबद्दल काही विचारायचं सुचलं नाही, लाजच वाटली. छातीपर्यंतची भिंत ओळंब्यात होती, सांधे कसे रेघेसारखे. त्यावरच्या विटा मात्र वाकड्यातिकड्या, चुना ओघळलेला, कुठे दोन बोटं फट. "वरचं माझं नाही, बाईसाहेब," तो घाईने म्हणाला. "मला तोवर भोवळ आली होती. कॅप्टनने पाठीवर आणलं मला वर. त्याचा जन्मभराचा ऋणी आहे मी."

किती दिवस दवाखान्यात होतास, असं बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. आठवडाभर तरी, तो म्हणाला, डोकं वर उचलवत नव्हतं.

"आणि वकिलाला बसमध्ये चढताना तूच पाहिलंस ना? गावात सगळे तुझंच नाव सांगतात."

दवाखान्याच्या खाटेवरून बसथांबा कसा दिसला, हे गवंड्याला वीसेक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

तो विटांच्या ढिगाऱ्यावर बसला. मग त्याने कबूल केलं की त्याने काही पाहिलं नव्हतं. त्याला तसं सांगायला सांगितलं गेलं होतं. वकिलाने साहेबाची कॉलर धरली आहे, त्याला अडकवतील, तो गावातून निसटलाय असं पसरलं की त्याचा पाठलाग थांबेल, असं त्याला सांगितलं होतं. त्याला वाटलं, आपण वकिलाचं भलंच करतोय.

"आणि बाई? त्याच्यासोबतची?"

"बाई मी नव्हती घातली त्यात," गवंडी म्हणाला. "मी फक्त बस म्हटलं होतं. बाई नंतर कोणीतरी बसवली. मग प्रत्येकाने तिला वेगळी साडी नेसवली."

सांगायला कोणी सांगितलं, यावर तो बराच वेळ पायाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "मॅनेजरसाहेबांनी."

फौजदारबाईंना ते उत्तर जरा उशिरा आल्यासारखं वाटलं.

४

त्याच दुपारी त्यांना वरून फोन आला. हाडं जुनी आहेत, काम अडून राहिलंय, फार खोल जाऊ नका, असा सल्ला होता. खाणीच्या गावात खोल जाऊ नका म्हणणाऱ्या साहेबाचं बाईंना कौतुक वाटलं. त्या तडक टेकडीवरच्या बंगल्याकडे निघाल्या.

जुने मॅनेजर तिथेच स्थायिक झाले होते. बागेत गुलाब होते आणि पानापानावर काळी धूळ. त्यांनी बाईंना चहा दिला, त्याआधी टेबल स्वतः पुसलं. माणूस सभ्य होता, आठवण पक्की होती आणि बोलताना आवाज चढत नव्हता.

वकिलाबद्दल अफवा आपण पसरवली हे त्यांनी हसण्यावारी नेलं. असल्या किती कामगारांशी माझी भांडणं झाली असतील, ते म्हणाले, मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. तो पळून गेल्याचं मला ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं. आत ठोके ऐकू येत होते का, यावर ते शांतपणे म्हणाले की ठोक्यांचं त्यांना कोणीही सांगितलं नाही. ते त्या दिवशी खाली गेलेच नव्हते. मॅनेजरने खाली जायचं नसतं, वरून सूत्रं हलवायची असतात. खालच्या टेलिफोनवर ते कॅप्टनशी बोलत होते.

"गवंड्याला वर आणलं तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"होतो ना. पथकातल्या दोघांनी त्याला स्ट्रेचरवर आणला, गर्दी नको म्हणून मागच्या वाटेने. मीच जीप दिली दवाखान्यात न्यायला."

फौजदारबाईंनी कप खाली ठेवला. "कॅप्टनने पाठीवर आणला नाही?"

मॅनेजर किंचित हसले. पाठीवर वगैरे वर्तमानपत्रासाठी बरं दिसतं, ते म्हणाले. एवढं मोठं संकट, लोकांना एक वीर हवा होता, त्या दोघांनीही हरकत घेतली नाही. कॅप्टन पुष्कळ नंतर, एकटाच आला. डोक्याला आपला दिवा आणि हातात आणखी एक, वायर गुंडाळलेला. गवंड्याचा असेल, असं त्यांना वाटलं होतं.

गवंड्याचा दिवा त्याच्या डोक्यालाच असणार, हे बाईंच्या लक्षात आलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं की भिंत बांधायची एवढी घाई का केली. खाणीच्या दुसऱ्या भागात पाळीची शेकडो माणसं होती, आग तिकडे गेली असती, असं इंजिनियरने सांगितलं होतं.

"पाळी?" मॅनेजर म्हणाले. "पाळी तर आधीच वर आली होती. सगळी माणसं अंगणात उभी होती. माणसांचा प्रश्नच नव्हता. कोळशाचा थर वाचवायचा होता, बाई. आज तुम्ही जो खड्डा बघताय ना, तिथे नुसती राख असती."

५

परतताना बाई गवंड्याकडे थांबल्या आणि त्याला वर कोणी आणलं ते त्यांनी सांगितलं. पथकातले ते दोघं त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. एक शेजारी राहायचा. पाणी भरण्यावरून त्याच्याशी भांडण झालं होतं, ते त्याच्या मरेपर्यंत मिटलं नव्हतं. "मग मी जन्मभर भलत्याच माणसाच्या पाया पडलो," तो म्हणाला. आता त्याला लपवायचं काही उरलं नव्हतं. दवाखान्यात त्याच्या खाटेशी येऊन बसची गोष्ट शिकवून गेला तो कॅप्टनच.

फौजदारबाई कॅप्टनच्या घरी पोचल्या. ऊन खिडकीतून खाटेपर्यंत आलं होतं. शिवणवाली उठून आत जायला लागली, तेव्हा बाईंनी तिला थांबवलं. हे तुमच्याशिवाय बोलता येणार नाही, त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक गोष्ट मांडली, आवाज न चढवता. वकील दिव्याशिवाय तिथे गेला नसता, आणि त्याचा दिवा खुंटीवर परत गेला. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तो वर नेला. हातात जास्तीचा दिवा घेऊन एकच माणूस वर आला. पथकातले दोघं गवंड्याला घेऊन गेले, तेव्हा भिंतीपाशी दोघंच मागे राहिले, वकील आणि कॅप्टन. छातीच्या उंचीवरच्या वाकड्या विटा वकिलाने रचल्या नाहीत, कारण तो भिंतीच्या आत होता.

"हे सगळं तुम्ही नाकारू शकाल," बाई म्हणाल्या. "मॅनेजर साक्षीला उभे राहणार नाहीत. पण वकिलाच्या अंगात त्याचा कोट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मग डोक्याखालचा कोट कोणाचा? ताईंनी टाका ओळखला आणि मीही समजले की कोट नवऱ्याचा. पण त्या म्हणाल्या होत्या, तेव्हा घरच्यांपुरतंच शिवायची. घरचे पुरुष दोन होते, नवरा आणि भाऊ."

शिवणवालीने भावाकडे पाहिलं. त्याने नाकाची नळी काढून बाजूला ठेवली. जे सांगायचं ते त्याला बहुधा स्वतःच्या श्वासाने सांगायचं होतं.

"ठोके आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होते," तो म्हणाला. "मी वर फोन लावला. साहेब म्हणाले, पलीकडची पाळी अजून खाली आहे, भिंत लवकर पुरी करा. मी म्हटलं, साहेब, आतून... तर मधेच तोडून म्हणाले, तसलं काही मला सांगू नका, आणि फोन ठेवला."

मधेमधे थांबत, खोकत त्याने पुढचं सांगितलं. गवंड्याला नेल्यावर वकिलाने छातीएवढ्या भिंतीवरून पलीकडे उडी मारली आणि कुदळीने पोती ओढायला लागला. कॅप्टनने त्याला पाळीचं सांगितलं, हातापाया पडला. वकील ऐकेना. पोती निघाली असती तर हवा आत गेली असती, भडका उडाला असता, शेकडो माणसं गेली असती, असं कॅप्टनच्या डोक्यात होतं. तो मागून गेला आणि त्याने डोक्यात फावडं घातलं.

"मला दादाच म्हणायचा तोही," तो म्हणाला. "खाली पडताना पण दादा म्हणाला."

त्याला खोकल्याची उबळ आली. बहिणीने पाण्याचा पेला भरला आणि त्याच्या हातात न देता खाटेच्या कडेवर ठेवला.

"कोट कशाला ठेवलास डोक्याखाली?" तिने विचारलं.

कॅप्टनने तोंड भिंतीकडे वळवलं.

"मेलेल्या माणसाला उशी लागत नाही, दादा."

"श्वास चालू होता," तो अखेर म्हणाला. "वायू वाढत होता. माझ्या मुखवट्यातली हवा संपत आली होती. एकट्याला उचलवला नसता तो. आणि भिंत तशीच सोडली असती तर... मला वाटलं पाळी खाली आहे. बटणं लावली त्याची, डोक्याखाली कोट ठेवला, आणि विटा लावल्या. वर आलो तर सगळी पाळी अंगणात उभी. कोणी विडी ओढत होतं. मला बघून टाळ्या वाजवायला लागले."

त्या टाळ्यांनंतर खरं सांगायला तोंड उघडलंच नाही, असं तो म्हणाला. तुला आयुष्यभर सांभाळलं, असंही म्हणाला. त्यावर ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसू पाहून फौजदारबाईंनी नजर वळवली.

"सांभाळलंस," ती म्हणाली. "लोक मला टाकलेली म्हणायचे, तेव्हा तू माझ्या बाजूने भांडायला जायचास. आठवतंय ना? म्हणायचास, माझी बहीण चांगली आहे, तिचा नवराच नालायक."

ती उठली. टाकीची कळ तिने हातात धरली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग तिने नळी उचलून त्याच्या नाकाला लावली, कळ नेहमीइतकी सैल केली, हात धुतले आणि चपला घालून बाहेर पडली. त्या घरात ती पुन्हा राहायला गेली नाही. शिवणयंत्र गवंडी जाऊन घेऊन आला.

६

खटला उभा राहिला नाही. कॅप्टनने जबाबावर सही केली, पण कागद कोर्टात पोचायच्या आत तो गेला. बचाव पथकाच्या नव्या पोरांनी त्याला रांगेत उभं राहून सलामी दिली. खरं काय ते त्यांना माहीत होतं, पण सलामी आधीच ठरली होती. मॅनेजरांनी एक लेखी निवेदन दिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. ठोक्यांबद्दल त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगू नका असं त्यांनीच सांगितलं होतं. पण ते ‘सांगू नका’ ऐकणारा एकच माणूस होता आणि तो आता नव्हता. खोदाई पुन्हा सुरू झाली. दोन भिंतींची ती जागा पहिल्याच दिवशी यंत्राच्या एका फावड्यात गेली आणि कोळशाच्या ट्रकमधून शहराकडे निघाली.

वकिलाची हाडं ताब्यात मिळाली, त्या दिवशी शिवणवालीसोबत दोघंच होते, गवंडी आणि फौजदारबाई. शेवटचं जे करायचं ते करून तिघं वस्तीतून परतत होते. सार्वजनिक नळाला पाणी आलेलं होतं आणि बायकांची रांग लागली होती. शिवणवाली तिथे थांबली. बाईंना वाटलं, तिला पाणी हवं असेल.

तिने पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण ओरडून नव्हे, सांगितलं, "माझा नवरा पळून गेला नव्हता. आत अडकलेल्यांना काढायला गेला होता. त्याच्यासोबत कोणतीही बाई नव्हती."

एकीने हंडा नळाखालून काढला आणि दुसरा लावायचा विसरली. अडकलेल्या तिघांपैकी एकाची म्हातारी आईही तिथे होती. तिने तोंडाला पदर लावला. बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिल्या. फौजदारबाई वाट बघत होत्या, कोणीतरी पुढे येईल, निदान हात धरेल.

शेवटी रांगेतली सगळ्यात वयस्कर बाई, जिचं तोंड वस्तीत सगळ्यात तिखट होतं, ती जरा दुखावल्या आवाजात म्हणाली, "हो गं बाई. पण आम्ही तुला कधी काही म्हटलं होतं का?"

आणि तिने आपला हंडा नळाखाली सरकवला.